गरम सोडून सगळे शब्द

"डायल यांची खराब, आणि घरी कोण बसलंय? माझी पोरगी."

हे बाबा न्हाणीघरातल्या आरशाला सांगत होते. दार नीट लागलेलं नव्हतं आणि आई बाहेर टॉवेलांच्या घड्या घालत उभी होती, त्यामुळे तिला ते ऐकू येत होतं. तिला ऐकायचं नव्हतं असंही नाही. दोन टॉवेलांना इतका वेळ लागत नाही.

"डायल बदला म्हणावं. पोरगी काय बदलताय?"

आरशातला माणूस गालाला फेस लावून मुकाट्याने ऐकत होता. या घरात बाबांचं इतकं शांतपणे ऐकून घेणारा तोच एक उरला होता.

डायल म्हणजे काट्याचं एक लहानसं घड्याळ. ते वेळ दाखवत नाही, वाकडेपणा दाखवतं. दोन दांडे एका रेषेत आहेत का ते बघायचं असेल तर ते एका दांड्यावर बसवून फिरवायचं. काटा हलला तर कुठेतरी चूक, नाही हलला तर शून्य. बाबांनी फिटर म्हणून उभा जन्म यंत्रं जोडण्याच्या कारखान्यात काढला तो या न हलणाऱ्या काट्यापायी. बाकीचे फिटर म्हणायचे, एवढं चालतं. बाबा म्हणायचे, चालतं ते तुझ्याकडे. कारखान्यात त्यांना शून्यराव म्हणत. ते चेष्टेने म्हणतात हे बाबांना माहीत होतं, आणि तरी ते नाव त्यांना आवडायचं हे फक्त आईला माहीत होतं. निवृत्त होताना त्यांनी आपली स्वतःची डायल लाकडी पेटीतून घरी आणली आणि कपाटात चांगल्या चादरींच्या वर ठेवली. चादरी तेव्हापासून खालच्या खणात गेल्या.

आणि मग बारकीला डिग्री अप्रेंटिसशिप मिळाली.

ते नेमकं काय असतं हे आईला अजून कोणालाही धड सांगता आलेलं नव्हतं. शेजारीण विचारायची, तुमची धाकटी कॉलेजात आहे की कामाला आहे? आई म्हणायची, हो. कंपनी पगार देते, कॉलेजची फी भरते; आठवडाभर कारखान्यात राबायचं, एक दिवस कॉलेजात बसायचं, आणि इतर माणसं ज्या वेळात कपडे धुतात, झोपतात, भांडतात, त्या वेळात अभ्यास करायचा. शेवटी हातात इंजिनिअरची डिग्री आणि कामही. ऐकायला छान होतं. पण कॉलेजात पोरं तिला कंपनीवाली म्हणत, कारण ती लोखंडी टोकाचे बूट घालून यायची आणि तास संपला की कँटीनमध्ये न रेंगाळता निघायची. कंपनीत तिला कॉलेजवाली म्हणत, कारण पाना उचलायच्या आधी ती 'का' असं विचारायची. एका पोरीला दोन आडनावं मिळाली, आणि दोन्ही घरांत ती पाहुणीच राहिली.

रोज संध्याकाळी बसमधून उतरून खोलीपर्यंत चालताना ती बाबांना फोन करायची. फोन यायच्या आधीच बाबा चष्मा लावून बसलेले असत. फोनला चष्मा कशाला लागतो हे आईने कधी विचारलं नाही. "आज काय उघडलंस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग बेअरिंगं, झडपा, तेल, कोण काय म्हणालं, त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं. बाबांची दुसरी पाळी सुरू व्हायची. आईच्या हातात फोन येईपर्यंत बारकी खोलीशी पोचलेली असायची, आणि तिचा श्वास आणि फोनची बॅटरी दोन्ही संपत आलेली.

"जेवलीस का गं?"

"जेवते आता."

आईचा वाटा एवढाच. तो ती पुरवून पुरवून वापरायची.

आणि आता बारकी घरात होती. बुधवारी आली, पाठीवर पिशवी, तोंडावर हसू चिकटवलेलं. बाबांना कळलं ते एवढंच की, तिच्या हातून जोडलेला पंप बिघडला, कारण कंपनीची डायल खराब होती, आणि आता सोमवारी तिला सगळ्यांसमोर बसून खुलासा करायचाय. ही खराब डायल बारकीच्या थोरल्या भावाने बाबांशी फोनवर बोलताना जागच्या जागी तयार केली होती.

खरं काय ते बारकीने आल्या दिवशीच आईला सांगितलं, भांडी विसळताना. ती पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर मोटर आणि पंप जोडत होती. त्या पंपातून बॉयलरचं उकळतं पाणी जायचं. "असा पंप थंड असताना मोटर मुद्दाम जराशी वर ठेवायची असते, आई. बघणाऱ्याला वाटतं, चुकलंय. मग आतून पाणी यायला लागलं की पंप तापून फुगतो, वर सरकतो, आणि चालता चालता दोघं समोरासमोर येतात."

आईला लगेच कळलं. ग्लासात ग्लास अडकला की ती बाहेरच्यावर ऊन पाणी ओतायची.

"मग?"

"मग काय. मला कागदावर लिहून दिलं होतं तसं. मी शून्य केलं."

"का गं?"

बारकीने नळ मोठा सोडला. "बाबा म्हणाले."

तिने फोनवर त्यांना पंप गरम आहे हे सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यातली सगळी यंत्रं थंड डोक्याची. दोन दांड्यांमधली रबरं फाटली, कारखान्याचा एक भाग बंद पडला, कोणाला इजा झाली नाही एवढं नशीब. ट्रेनिंगच्या बाई ओरडल्या नाहीत. घरी जाऊन ये म्हणाल्या, आणि सोमवारी येऊन काय केलंस आणि का केलंस, तेवढं तुझ्या शब्दांत सांग. काय केलं ते तर डोळ्यांसमोर होतं. गाडी अडली होती 'का' वर.

"बाबा म्हणाले, असं सांगू? आणि ते सांगायचं नाही तर खोटं बोलू? खोटं बोलून तिथे राहायचं असेल तर नकोच ते. मी सोडते, आई. इथेच काहीतरी बघते."

इथेच. त्या शब्दाने आईच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तिला फार वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली, दडून बसलेलं, दुसरंच काहीतरी होतं, आणि ते चक्क आनंदाचं होतं. तिने ग्लास पालथा घातला आणि पुढचा घेतला.

रविवारी दुपारी आत्या आली, पाठोपाठ थोरला आणि सूनबाई. स्वयंपाकघरात बायकांची बैठक भरली, थोरला दाराशी टेहळणीला. आत्या बाबांची मोठी बहीण, शाळेत क्लार्क होती. निवृत्त झाली तरी हजेरी घेतल्यासारखी बोलायची.

तिने नियम सांगितला. पंपाविषयी बोललं तर चालेल, पाण्याविषयी बोललं तर चालेल, पण तो एक शब्द कोणी काढायचा नाही.

"कोणता?" सूनबाईने विचारलं.

आत्याने दाराकडे बघून कुजबुजत सांगितलं, "गरम."

"मग जेवण काय थंड म्हणून वाढू?"

"ऊन म्हण. कढत म्हण. मराठीत काय शब्दांचा दुष्काळ पडलाय?"

सूनबाईला हे पटलेलं नव्हतं. तिचं म्हणणं, बाबांना सांगून टाकावं. मोठा माणूस आहे, पचवेल. आत्या म्हणाली, तू या घरात आलीस तेव्हा तो सावरला होता. निवृत्तीनंतरचा तो तू पाहिला नाहीस. खिडकीशी बसायचा, कोणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळायचा. पोरीचा फोन सुरू झाला तेव्हा माणसात आला. आता त्याला कळलं की त्याच्याच शब्दाने तिचं हे झालं, तर तो पुन्हा फोन उचलायचा नाही.

"आणि नाही कळलं तर बारकी परत जायची नाही," सूनबाई म्हणाली.

दोघींनी आईकडे पाहिलं. आईने बटाट्यांत मीठ घातलं. आधी एकदा घातलेलं होतं.

थोरला दाराला टेकून ऐकत होता. तोही इंजिनिअर झालेला, पूर्ण वेळ कॉलेज करून, आणि आता फरशांच्या दुकानात मॅनेजर. दुकान नीट चालवायचा. बाबांनी त्याला संध्याकाळी फोन करून कधी विचारलं नव्हतं, आज कोणती फरशी विकलीस.

"मी पहिल्यांदा बाबांशी त्यांच्या कामातलं काही बोललो," तो हसून म्हणाला, "आणि तेही खोटं निघालं."

सूनबाईने त्याच्या हातात ताटं दिली.

जेवताना सगळ्यांनी फार सांभाळून बोलणं चालवलं होतं. बटाटे खारट होते, पण त्यावरही कोणी बोललं नाही. बाबा मात्र रंगात होते. डायलमध्ये कचरा कसा जातो, काटा कसा अडकतो, अडकलेला काटा कसा शून्य दाखवतो, माणसाला कसं वाटतं आपण बरोबर, हे ते चमच्याने समजावत होते. आत्या मान डोलवत होती. बारकी भाताचे डोंगर करत होती. सूनबाई रश्श्याचं भांडं घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, थोडं घ्या, अजून ग..." मग थांबली, आणि म्हणाली, "गोड आहे."

"रस्सा?" बाबा म्हणाले.

"गोड मानून घ्या, म्हणते."

थोरल्याला ठसका लागला. बारकीसुद्धा हसली, बुधवारपासून पहिल्यांदा, आणि आईला वाटलं, असंच राहावं सगळं. हे टेबल, या खुर्च्या, हिचं हसणं, आणि सोमवार येऊच नये.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "मी ठरवलंय. सोमवारी मी हिच्याबरोबर जाणार."

भाताचा डोंगर अर्धवट राहिला.

"माझी डायल नेतो. त्यांच्यासमोर त्यांचीच मोटर, त्यांचाच पंप, लावून दाखवतो शून्य. मग सांगू देत, पोरीचं काय चुकलं."

आत्याने सांगून पाहिलं की, तिथे बाहेरच्यांना आत घेत नसतील. थोरला म्हणाला, असं बापाला घेऊन जाणं बरं दिसत नाही. माझ्या वेळी कोणी आलं नव्हतं बरोबर. ते शेवटचं वाक्य त्याला बोलायचं नसावं, कारण ते बोलून तो पाणी प्यायला लागला. बाबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, शर्टाला इस्त्री करायला हवी.

जेवणं झाल्यावर बारकी आईजवळ येऊन आडवी झाली, लहानपणी व्हायची तशी, भिंतीकडे तोंड करून. तिच्या केसांना कसल्याशा साबणाचा वास येत होता, आणि त्या वासाच्या आत मशीनच्या तेलाचा. तो धुऊन जात नाही. बाबांच्या उशीला तो इतकी वर्षं होता आणि अलीकडे नाहीसा झाला होता, हे आईला आत्ता कळलं.

"सोडणार म्हणतेस ते नक्की?"

"हं."

"मग वाईट कशाचं वाटतंय?"

बारकी भिंतीलाच सांगितल्यासारखी बोलायला लागली. कॉलेजची पोरं तासानंतर कँटीनमध्ये बसतात, उगाच बसतात, त्यांना काही काम नसतं, आणि त्यांच्याकडे बघत बघत ती बस पकडायला निघते. कंपनीत सुट्टीत सगळे आपापल्या पोरांबद्दल बोलतात आणि ती डबा लवकर संपवते. खोलीवर गेलं की पुस्तक उघडून तिथेच डोकं टेकते. आणि हे सगळं सांगत असताना तिचा हात भिंतीवर सपाट टेकलेला होता, बोटं किंचित पसरलेली.

"मोटर नीट जुळलेली असली ना, आई, की तिच्या अंगावर हात ठेवला तर झोपलेल्या मांजरासारखी वाटते. नुसती आत कुठेतरी घुरघुर. दुसऱ्या एका पंपाला मी तसं केलं होतं, थंड पाण्याच्या. रोज जाता येता हात लावायचे त्याला." ती थांबली. "आता कोण लावत असेल."

आई तिच्या पाठीकडे बघत राहिली. पोरगी घरी येऊन पडली होती आणि तिचा हात घरी आलेलाच नव्हता. ज्याला सोडायचं असतं तो असं बोलत नाही. आईला ते बोलणं ओळखीचं होतं. संध्याकाळी फोन ठेवल्यावर ती स्वतः बारकीच्या रिकाम्या पलंगावरची चादर उगाचच हाताने सारखी करायची.

तिने चादरीसारखाच बारकीच्या पाठीवरून हात फिरवला. इथेच राहा, एवढं म्हणायची खोटी होती. त्यासाठी काही करायचंसुद्धा नव्हतं. गप्प बसलं तरी पुरणार होतं.

चहाच्या वेळी बाबांनी पेटी खाली काढली. इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता. त्यांनी पेटीतल्या मखमलीतून डायल उचलली, लोहचुंबकाच्या पायावर बसवली आणि तो पाय फ्रिजच्या अंगाला चिकटवला. डायलचं टोक ओट्याच्या कडेला टेकलं.

"या, बघा. हे घर किती हलतं ते बघा."

आत्या कप घेऊन चालत आली, काटा थरथरला. थोरला उठला, काटा थरथरला. बाबा खूश झाले. "खोटं बोलत नाही हा. घरात कोण आलं, कोण गेलं, सगळं सांगतो." मग बारकीला म्हणाले, "इकडे ये. तुमची मोटर इथे समज. पंप इथे. पंप कुठे असतो तुमचा? उघड्यावर?"

"आत," बारकी म्हणाली. "बॉयलरच्या मागे."

आत्याने कप बशीवर जरा जोरात ठेवला.

"बॉयलरच्या?" बाबा म्हणाले.

"मागे म्हणजे पुष्कळ मागे, बाबा," थोरला घाईने म्हणाला. "लांबच म्हणा ना."

"चहा घे रे," आत्या म्हणाली. "गार होतोय."

"गार," बाबा म्हणाले. ते चहाकडे बघत नव्हते. त्यांची बोटं डायलच्या काचेवर थांबली होती, आणि त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती आईला चांगली ठाऊक होती. यंत्रातून नको तो आवाज आला की पडायची ती. अजून एक पायरी आणि ते आपलं आपण पोचले असते. कदाचित रात्रभर एकटेच पोचत राहिले असते, आणि सकाळी शर्ट परत कपाटात गेला असता, आणि कोणी कोणाला काही विचारलं नसतं. सगळे कप धरून उभे होते. कोणीच हलत नव्हतं, आणि काटाही.

"अहो," आई म्हणाली, "तो पंप गरम असतो."

आत्याने डोळे मिटले.

"डायल चांगली होती. थोरल्याने आपलं तुमच्यासाठी सांगितलं. पंप तापला की वर येतो, म्हणून थंड असताना मोटर वर ठेवायची होती. तिला ते माहीत होतं, लिहूनही दिलं होतं. तिने शून्य केलं, कारण तुम्ही म्हणालात शून्य. ती तुम्हाला गरम म्हणाली नाही आणि तुम्ही विचारलं नाही. एवढंच झालंय. आणि हे तिथे सांगायला नको म्हणून ती सगळं सोडून बसलीय."

बारकी म्हणाली, "आई..."

बाबांनी डायलवरून हात काढला. खिसा चाचपला. चष्मा काढून लावला, संध्याकाळी फोनच्या आधी लावायचे तसा, नीट, दोन्ही कानांवर. मग बारकीसमोरची खुर्ची ओढून बसले.

"किती वर ठेवायची असते?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. आकडा बरोबर असावा, कारण बाबांनी मान हलवली आणि पंप किती तापतो ते विचारलं, मग पाय कशाचे असतात ते विचारलं. तिने टेबलावर बोटाने काढून दाखवलं. ते वाकून बघत होते.

"हे मला कोणी शिकवलंच नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सांग त्यांना. बाबा म्हणाले, असंच सांग. पण पंप गरम आहे का, हे मी विचारलं नव्हतं, तेही सांग. आणि फोन कर मग. काय म्हणाले ते."

थोरल्याने खुर्चीवरचा शर्ट उचलला आणि कुठे ठेवायचा ते न कळून हातातच धरला. बाबा त्याच्याकडे वळून म्हणाले, "डायलची गोष्ट मात्र तू बेमालूम रचलीस. बस इथे. तुलाही समजेल हे."

तो बसला. तिघांची डोकी टेबलावर वाकली.

आई ओट्याशी उभी होती. घरात असं कधीतरी व्हावं म्हणून तिने किती वाट पाहिली होती, आणि आता ते झालं होतं, तर त्याच्यासाठी आज रात्रीच पोरीची पिशवी भरावी लागणार होती. बारकीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. परत जाऊ ना, असं विचारणारी ती नजर. बाबांचं डिग्रीविषयी, पंपाविषयी, खुलाशाविषयी सगळं बोलून झालं होतं, आणि तरी एक गोष्ट कोणी बोललेली नव्हती, इतक्या वर्षांत, रोजच्या फोनवरही नाही. जेवलीस का, यात ती दरवेळी कोंबून बसवावी लागायची आणि कधी मावली नव्हती.

"मला तू इथे हवी आहेस," आई म्हणाली. "बुधवारी तू सोडते म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. रोजच हवी असतेस मला. ते एकदा तुला सांगायचं होतं." तिने बारकीचा कप उचलला, त्यातला गार चहा ओतून टाकला, आणि पुन्हा गॅस पेटवला. "आता जा."